जोडी कुठे बसली आहे, ते आधी पाहा

धुण्याच्या सोड्यात बंध कोणता, आयनिक की सहसंयुज? दहावीच्या वर्गात हा प्रश्न टाकून पाहा, वर्गाचे दोन तट पडतील. एक तट म्हणेल, सोडियम धातू आहे, म्हणजे आयनिक. दुसरा म्हणेल, कार्बन आणि ऑक्सिजन दोघेही अधातू, म्हणजे सहसंयुज. बरोबर दोन्ही आहेत. प्रश्नच तिरपा आहे. बंध अख्ख्या पदार्थाला नसतो, तो शेजारी बसलेल्या दोघांमध्ये असतो. एका पदार्थात अशा जोड्या अनेक असू शकतात आणि प्रत्येक जोडीची रीत निराळी असू शकते.

आवर्तसारणी पाहून बंध ओळखायला बसताना एवढे पक्के केले, की पुढचे निम्मे घोळ मिटतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या मुलांना तर हे सहज पटायला हवे, कारण या सोड्याचे भांडार त्यांच्याच लोणारला आहे.

लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झाले. तोंडाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आत पाणी येते ते पावसाचे आणि झऱ्यांचे, बाहेर पडायला मात्र वाट नाही. खडक झिजून सुटलेले सोडियम या भांड्यात साचत गेले, उन्हाने पाणी उडत राहिले आणि मागे राहिले ते खारट, सोड्याचे पाणी. त्याचा सामू साधारण १० ते १०.५ भरतो, शुद्ध पाण्याचा ७ असतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर पांढरी खपली धरते. पूर्वी हा खार काढून विकत आणि त्याच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारच्या परिसरात काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते असा उल्लेख आहे. १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती या दोघांनी सरोवराच्या भूशास्त्राबरोबर या सोड्याचाही अभ्यास प्रसिद्ध केला. खारात मुख्य तीन क्षार आहेत: सोडियम कार्बोनेट, सोडियम बायकार्बोनेट आणि सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ. त्यांत मूलद्रव्ये पाचच: सोडियम, क्लोरीन, कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन. या पाचांवर बंधांचा बराचसा धडा उरकता येतो.

आता भिंतीवरची आवर्तसारणी समोर घ्या. उजव्या बाजूला बोरॉनपासून खाली ॲस्टॅटिनपर्यंत एक नागमोडी जिना उतरतो. जिन्याच्या डावीकडे धातू, उजवीकडे अधातू, आणि जिन्याला चिकटून सिलिकॉन, जर्मेनिअम, आर्सेनिक यांसारखे धातुसदृश. हायड्रोजन डाव्या कोपऱ्यात बसलेला दिसतो, पण तो धातू नाही. त्याला मनातल्या मनात उचलून उजवीकडे कार्बनच्या आसपास ठेवा. ही एक दुरुस्ती न केल्यामुळे हायड्रोजन क्लोराइड वायूला आयनिक ठरवणारी कितीतरी उत्तरे परीक्षकांच्या हाती पडतात.

मग जोडी शोधा. एक जण जिन्याच्या डावीकडचा आणि दुसरा उजवीकडचा असेल, तर पहिला अंदाज आयनिक. दोघेही उजवीकडचे, तर सहसंयुज. दोघेही डावीकडचे, तर धातू बंध. मिठात सोडियम पहिल्या गणात आणि क्लोरीन सतराव्या. सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १; क्लोरीनचे २, ८, ७. एकाला एक जड झालेला, दुसऱ्याला एक कमी पडलेला. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो, दोघांचे अष्टक पुरे होते आणि विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना धरून बसतात. पाण्यात मात्र हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही अधातू. देऊन टाकायला कोणीच राजी नाही, म्हणून दोघे मिळून इलेक्ट्रॉनची जोडी वापरतात. हे दोन विचार दोघांनी एकाच वर्षी, १९१६ साली मांडले. इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचे चित्र जर्मनीत कोसेल यांनी, वाटून घेतलेल्या जोडीचे अमेरिकेत लुईस यांनी.

गण आणि आवर्त यांचा कल ध्यानात ठेवायला वेगळी घोकंपट्टी लागत नाही. गणात खाली जाताना अणू मोठा होतो आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर पडल्याने पकड ढिली होते. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाचा प्रभार वाढतो आणि पकड आवळत जाते. म्हणून इलेक्ट्रॉन सोडायला सर्वांत राजी मूलद्रव्ये खाली डाव्या कोपऱ्यात, सीझिअमच्या आसपास, आणि इलेक्ट्रॉनची सर्वांत हाव असलेला फ्लोरिन वर उजव्या बाजूला. अठराव्या गणातले निष्क्रिय वायू या सौद्यात सहसा पडत नाहीत. जोडीतले अंतर जितके लांब आणि जितके तिरके, तितका बंध आयनिक होण्याचा संभव जास्त.

इथवर पाठ्यपुस्तकात असतेच. अडचण सुरू होते ती दोनांऐवजी तीन मूलद्रव्ये आली की. सोडियम कार्बोनेटमध्ये सोडियम, कार्बन, ऑक्सिजन असे तिघे आहेत. इथे आवर्तसारणी उघडण्याआधी सूत्रात संयुक्त मूलक दिसते का, ते पाहा. कार्बोनेट, बायकार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड आणि अमोनिअम, एवढी सात ओळखता आली तरी शालेय पातळीवर पुरते. मूलक सापडले की त्याच्याभोवती पेन्सिलने गोल काढा. गोलाच्या आतले अणू एकमेकांना सहसंयुज बंधाने जोडलेले असतात. गोल आणि बाहेरचा धातू यांच्यात आयनिक बंध असतो. म्हणजे सोड्यात कार्बन–ऑक्सिजन बंध सहसंयुज, आणि सोडियम व कार्बोनेट यांच्यातला बंध आयनिक. वर्गातले दोन्ही तट जिंकले.

हे नुसते कागदावरचे वर्गीकरण नाही. सोडा पाण्यात टाकला की सोडियम सुटा होतो, पण कार्बोनेट फुटत नाही, अख्खे मूलक पाण्यात फिरते. मग ते पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन आयन उचलते आणि मागे हायड्रॉक्साइड उरते. पाणी आम्लारिधर्मी होते ते या हायड्रॉक्साइडमुळे. लोणारचा सामू दहाच्या वर का, याचे उत्तर बंधांच्या या फरकात आहे. आयनिक बंध पाण्यात सुटला, सहसंयुज टिकला. नुसते मीठ साचले असते, तर सरोवर खारट झाले असते, पण सामू इतका चढला नसता.

तिथले कॅल्शिअम कुठे गेले, असेही एखादी चौकस मुलगी विचारील, कारण बेसाल्टमध्ये कॅल्शिअमही भरपूर असते. सारणीत पाहा, कॅल्शिअम दुसऱ्या गणात आहे, म्हणजे त्याच्या आयनावर दोन धन प्रभार. कार्बोनेटवर दोन ऋण प्रभार. दोघांची पकड इतकी घट्ट बसते, की कॅल्शिअम कार्बोनेट पाण्यात विरघळायला नाखूश असते आणि तळाशी बसते. एकच प्रभार असलेले सोडियम पाण्यात राहते. बंध आयनिक आहे एवढे सांगून थांबू नका, आयनांवर प्रभार किती तेही गणावरून काढा. विद्राव्यतेचा अंदाज तिथून येतो.

धातू नसला तरी बंध आयनिक असू शकतो, हे विसरायला सर्वांत सोपे. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन, सगळे अधातू. ‘अधातू–अधातू म्हणून सहसंयुज’ हा नियम आंधळेपणाने लावला तर उत्तर अर्धेच येते. अमोनिअमभोवती गोल काढा: आत नायट्रोजन–हायड्रोजन सहसंयुज, बाहेर क्लोराइडशी आयनिक. नवसागरानंतर तांब्यावर फिरवतात ते कथील. तांबे आणि कथील दोघेही जिन्याच्या डावीकडचे, म्हणून तिथे धातू बंध. एका कल्हईत तिन्ही बंध भेटतात.

आता विद्युतऋणतेकडे येऊ. लायनस पाउलिंग यांनी १९३२ साली प्रत्येक मूलद्रव्याला इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीचा आकडा देण्याची रीत मांडली. फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सिलिकॉन १.९०, ॲल्युमिनिअम १.६१, कॅल्शिअम १.००, सोडियम ०.९३. दोन आकड्यांतला फरक १.७च्या वर गेला तर आयनिक, ०.४च्या खाली असला तर शुद्ध सहसंयुज, मधला असला तर ध्रुवीय सहसंयुज, असा नियम शिकवणीत देतात. मिठाचा फरक २.२३, नियम बसला. कार्बन–ऑक्सिजन ०.८९, हाही बसला.

माझ्या मते हा नियम पहिल्या दिवशी शिकवूच नये. मुले आकडा वजा करतात आणि सारणीकडे पाहणे सोडून देतात. हायड्रोजन आणि फ्लोरिन यांचा फरक १.७८ येतो, म्हणजे नियमानुसार आयनिक. प्रत्यक्षात हायड्रोजन फ्लोराइडचा रेणू सहसंयुज आहे आणि तो सुमारे २० अंश सेल्सिअसलाच उकळतो. सोडियम हायड्राइडचा फरक जेमतेम १.२७, पण तो पक्का आयनिक घन पदार्थ. सारणीतली जागा पाहणारा विद्यार्थी दोन्ही ठिकाणी बरोबर ठरतो: पहिल्यात दोघे अधातू, दुसऱ्यात एक धातू.

फरकाच्या नियमात याहून मोठे भोकही आहे. क्लोरीन–क्लोरीन जोडीचा फरक शून्य. तांबे–तांबे जोडीचाही शून्य. पहिला विषारी वायू, दुसरी विजेची तार. शून्यावरून या दोघांत भेद करता येत नाही. म्हणून फरकाबरोबर सरासरीही पाहावी लागते. फरक कमी आणि सरासरी मोठी, तर सहसंयुज. फरक कमी आणि सरासरीही लहान, तर धातू बंध. फरक मोठा, तर आयनिक. व्हॅन आर्केल आणि केटेलार या डच रसायनशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात याचा त्रिकोण मांडला. वहीत तुम्हीही काढा. खाली डाव्या टोकाला सीझिअम धातू, खाली उजव्या टोकाला फ्लोरिन, वरच्या शेंड्यावर सीझिअम फ्लोराइड. आडव्या रेषेवर सरासरी, उभ्या रेषेवर फरक, आणि हाताशी येईल ती जोडी ठिपक्याने टाकत जा. दहा-पंधरा ठिपके पडले, की तीन बंध म्हणजे तीन बंद खोल्या नाहीत, एका मोकळ्या मैदानाचे तीन कोपरे आहेत, हे डोळ्यांना दिसते. सिलिकॉन–ऑक्सिजन हा ठिपका मधोमध कुठेतरी पडेल (फरक १.५४). लोणारचा अख्खा काठ ज्या बेसाल्टचा आहे त्याचा सांगाडा याच जोडीचा, आणि काचेचाही.

मध्यावरच्या जोड्यांसाठी फायान्स यांनी १९२३ साली दिलेली कसोटी उपयोगी पडते. धन आयन जितका लहान आणि त्यावरचा प्रभार जितका जास्त, तितका तो समोरच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन ढग स्वतःकडे ओढतो आणि बंध सहसंयुजाकडे झुकतो. ॲल्युमिनिअमवर तीन धन प्रभार, आकार लहान. म्हणून ॲल्युमिनिअम क्लोराइड धातू–अधातू असूनही १८० अंशांच्या आसपास सरळ वाफ होते आणि वाफेत त्याचे रेणू सापडतात. मीठ ८०१ अंशांना नुसते वितळते. ॲल्युमिनिअम फ्लोराइड मात्र आयनिकच राहते, कारण फ्लोराइडचा लहान, घट्ट ढग सहजी ओढला जात नाही.

अंदाज केला की पडताळा घ्या. एक ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, तिच्याबरोबर ४७० ओहमचा रोधक, आणि इलेक्ट्रोड म्हणून पेन्सिलीतली दोन शिसे. घरातल्या विजेच्या प्लगला यातले काहीही लावायचे नाही. पाणी गॅरेजमध्ये बॅटरीत टाकतात ते, डिस्टिल्ड घ्या. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाण पट्ट्यातल्या तालुक्यांत बोअरचे पाणी घेतले, तर काही न टाकताच दिवा लागायचा, कारण पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या भूजलात क्षार आधीच विरघळलेले असतात. नुसत्या कोरड्या मिठात शिसे खुपसा, दिवा लागत नाही, कारण आयन जागेला खिळलेले आहेत. मीठ पाण्यात विरघळवा, लागतो. सोड्याच्या पाण्यात लागतो. साखरेच्या पाण्यात लागत नाही. मिठाच्या पाण्यात वीज जास्त वेळ सोडली तर थोडा क्लोरीन वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काही सेकंदांत आवरा. व्हिनेगरमध्ये दिवा मिणमिणला तर चक्रावू नका. ॲसेटिक आम्लाचा रेणू सहसंयुजच आहे, पाण्यात गेल्यावर त्यातले थोडे आयन होतात. प्रयोगासाठी लोणारचा खार मात्र उचलून आणू नका. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. किराणा दुकानातला सोडा पुरेसा आहे.

शेतकऱ्यांच्या घरात आणखी चांगले नमुने मिळतात. युरियात कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, सगळे जिन्याच्या उजवीकडचे, आणि आपल्या सातांपैकी एकही मूलक नाही. म्हणजे सहसंयुज: १३३ अंशांना वितळतो आणि शुद्ध युरियाच्या ताज्या द्रावणात दिवा लागत नाही. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशिअम क्लोराइड, पहिला गण आणि सतरावा गण. वितळायला ७७० अंश लागतात आणि पाण्यात दिवा लख्ख लागतो. डीएपीत धातू नाही, पण अमोनिअम आणि फॉस्फेट ही दोन्ही मूलके आहेत. नवसागर आठवा.

खारपाणातल्या चोपण जमिनीत जिप्सम का टाकतात, तेही यातच येते. मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो आणि त्यांना सोडियम आयन चिकटलेले असतात. त्यामुळे माती फुगते, कण विखुरतात, वरचे पाणी खाली मुरत नाही. जिप्सम म्हणजे पाण्यासह असलेले कॅल्शिअम सल्फेट. पाण्यात कॅल्शिअम आणि सल्फेट सुटे होतात. दोन प्रभारांचे कॅल्शिअम एका प्रभाराच्या सोडियमला कणावरून हटवून स्वतः बसते, आणि सुटलेले सोडियम सल्फेटबरोबर पाण्याने खाली वाहून जाते, अर्थात निचऱ्याची सोय असेल तरच. आयनिक आकर्षणात जोडीदार असा बदलता येतो. सल्फेटच्या आतल्या गंधक–ऑक्सिजन सहसंयुज बंधाला मात्र या अदलाबदलीत धक्काही लागत नाही. जिप्सम किती टाकायचे, हे माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवावे.

सारणी आडवी वाचण्याइतकेच उभी वाचण्यालाही महत्त्व आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या प्रकरणाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. पण सेलेनियम शरीरात जास्त झाले की केस आणि नखे गळतात, हे आधीपासून माहीत आहे, आणि त्याचे एक स्पष्टीकरण सोळाव्या गणात सापडते. गंधकाच्या बरोबर खाली सेलेनियम बसले आहे. विद्युतऋणता गंधकाची २.५८, सेलेनियमची २.५५, बाहेरच्या कवचात दोघांचेही सहा इलेक्ट्रॉन. म्हणून गंधक जसे बंध करते तसेच सेलेनियम करू शकते. केसांतल्या केरॅटिनची मजबुती गंधक–गंधक सहसंयुज बंधांवर उभी असते. तिथे गंधकाच्या जागी तसाच दिसणारा पण दुबळा बंध करणारा भाऊ शिरला, तर सांधा कच्चा राहतो, असे मानले जाते. एखाद्या अनोळखी मूलद्रव्याचा बंध विचारला तर गणातल्या वरच्या ओळखीच्या मूलद्रव्याला विचारा. उत्तर बहुतेक वेळा तेच येते.

सरावासाठी साबण घ्या, लोणारच्या सोड्यापासून पूर्वी होत असे तो. तेलातल्या आम्लाची लांब कार्बन–हायड्रोजन साखळी, तिच्या टोकाला कार्बन आणि दोन ऑक्सिजन, आणि समोर सोडियम. साखळीतला प्रत्येक बंध सहसंयुज, शेवटचा एक आयनिक. सहसंयुज शेपूट तेलकट मळात शिरते, आयनिक टोक पाण्याला धरते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते, त्याचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मिठात रमणारे सूक्ष्मजीव असे दिले. त्यांचा रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे पुन्हा कार्बनची लांब सहसंयुज साखळी, आजूबाजूला सगळा आयनिक खार असताना.

साबण जमला की तुरटी घ्या. तिच्यात पोटॅशिअम, ॲल्युमिनिअम, सल्फेट आणि स्फटिकात अडकलेले पाणी आहे. सल्फेटभोवती गोल, पाण्याभोवती गोल. दोन्हींच्या आत सहसंयुज. पोटॅशिअम आणि सल्फेट यांच्यात आयनिक. उरली ती ॲल्युमिनिअम आणि त्याला घेरून बसलेल्या सहा पाण्याच्या रेणूंमधल्या ऑक्सिजनची जोडी. फरक १.८३, प्रभार तीन, आयन लहान. पाण्यातला ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी त्याच्याकडे झुकवतो. हा ठिपका त्रिकोणात कुठे पडतो, ते वहीत टाकून पाहा.